सात नंबरला उशीर

जलंब स्टेशनावर समतेनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो हातात लोखंडी दांडा घेऊन गाडीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालला होता.

"अहो, हे काय हाय?"

"हँडल. दोन्ही टोकाले केबिन, पण हँडल एकच. इथलं काढाचं, तिथं लावाचं. हे नसलं तं गाडी हालत नाही."

तो संघर्ष. खामगाव-जलंबची एका डब्याची डिझेल गाडी चालवायचा. समता अमडापूरची, खामगावात खोली करून एम.ए. करणारी; तिनं प्रबंधासाठी या गाड्यांचाच इतिहास घेतला होता. राजेमहाराजे संपले का, असं घरच्यांनी विचारून झालं होतं, पण ती हट्टाला पेटली होती.

मग ते रोजचंच झालं. तो टोक बदलायला निघाला की ही वही घेऊन शेजारी. अशा आठ गाड्या आल्या होत्या. इंजिन डब्याच्या पोटाखाली, त्यामुळे पुढचं इंजिन सोडून मागं जोडायची कटकट नव्हती. सात भंगारात गेल्या, उरली ही सात नंबरची.

"एकदाही बंद पडली नाही हे," संघर्ष अभिमानानं सांगायचा.

माहिती खरं तर पंधरा दिवसांत मिळाली होती. तीन महिने झाले तरी बाईंचे प्रश्न चालूच.

"इंजिन किती घोड्याचं म्हणलं?"

"तिसऱ्यांदा इचारून राह्यल्या... लिवून घेत नाही का?"

"पेन — चालत नव्हता." समतेचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा पेन आणून दिला.

आणि मग रुळांवर विजेच्या तारा आल्या. सात नंबर बंद होणार, संघर्ष भुसावळला जाणार; चार दिवस उरले. समतेला जेवण गोड लागेना. एकदा तो गेला की कोणत्या निमित्तानं भेटायचं? पण आधी बोलायचं कुणी, इथंच दोघांचंही घोडं अडलं होतं.

त्या दुपारी त्यानं तिच्या वहीत ब्रेकची आकृती काढली. हात मोकळे हवेत म्हणून हँडल तिच्या पिशवीत ठेवलं. काढता काढता दोघं हसले, आणि तो तसाच केबिनकडे गेला. ही डब्यात येऊन बसली.

गाडी हलेना. लोक कुरकुरू लागले. समतेनं वही ठेवायला पिशवी उघडली, तर आत हँडल. ती हँडल घेऊन डब्यातून पळत सुटली.

केबिनच्या दाराशी तुळशीराम गार्ड वही उघडून उभा होता. "सहा मिनिटं उशीर. कारण काय लिवू? गाडीत बिघाड लिवतो. जाऊनच राह्यली भंगारात, तिले काय फरक पडते?"

"तसंच लिवा," समता घाईनं म्हणाली. 'एकदाही बंद पडली नाही' हे प्रबंधातलं वाक्य गेलं तरी चालेल. नव्या जागी जाताना याच्या नावावर ठपका नको.

"नाही," संघर्ष म्हणाला. "गाडीचा काही दोष नाही. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं, असं लिवा."

"मंग कुठी होतं लक्ष?" भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या केसरबाईंनी विचारलं.

संघर्षनं हँडल या हातातून त्या हातात घेतलं. "यायच्याकडं... तीन महिन्यांपासून."

अख्खा डबा समतेकडे बघू लागला. तिला लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंदच.

"हे नाही लिवता येत बे," तुळशीराम म्हणाला.

"मंग तुमच्या आईले पाठवा आमच्या घरी," समता संघर्षला म्हणाली. "अमडापूरले. रविवारी बाबा घरीच असतात."

"आन् तुमी... तुमी काय म्हणसान?"

"मी तं कवाची हो म्हणून बसली हाय. तुमालेच काही इचारता येत नाही."

केसरबाई हसू लागल्या, मग सगळा डबाच हसला. तुळशीरामनं वहीतला सहाचा आकडा खोडला, नऊ लिहिला आणि शिट्टी वाजवली.