न कळण्याचा सराव

त्या सकाळी मी माझ्याच चष्म्यावर बसले नसते, तर आज मला आभार मानायला कुणी नसतं. परीक्षेचे कागद शोधण्याच्या नादात खुर्चीवर काय आहे ते पाहिलंच नाही, आणि चष्म्याची डावी दांडी हातात आली. आई शांतपणे म्हणाली, "चष्मा लावल्याशिवाय तुला चष्मा दिसत नाही. मुलगा कसा दिसणार?"

आमच्या भाषाशाळेच्या समोरच चष्म्याचं दुकान होतं. अकरा वर्षं मी त्याच्यावरून जात होते, आत मात्र त्या दिवशी पहिल्यांदा गेले. काउंटरमागे एक उंच माणूस कुठल्याशा फ्रेममध्ये स्क्रू बसवत होता. स्क्रू निसटून खाली पडला आणि तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. मी थबकले. ती शिवी होती, आणि मी शिकवते त्या भाषेतली होती. अर्थात शिव्या मी शिकवत नाही.

"तुम्ही... तिकडचे?" मी इथल्या भाषेत विचारलं.

"जन्माने. इथे येऊन नऊ वर्षं झाली." तोही इथल्याच भाषेत बोलला, आणि मग कानापर्यंत लाल झाला. "शिवी कळली वाटतं."

"कळली."

"माफ करा. इथे कुणाला कळत नाही, म्हणून मी मनसोक्त देतो."

मला हसू आलं, आणि हसता हसता एक कल्पना सुचली. आमच्याकडे मोठी माणसं परकी भाषा शिकायला येतात. परीक्षा वर्षानुवर्षं एकाच साच्याची: रिकाम्या जागा भरा, योग्य रूप लिहा. पैकीच्या पैकी गुण घेऊन गेलेल्या एका गृहस्थांना परदेशात पाण्याची बाटली मागता आली नव्हती. तेव्हापासून मी मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, मागे लागले होते. भाषा लिहून नको, वापरून दाखवायला लावू. खरं वाटेल असं एक काम द्यायचं, समोर ती भाषा बोलणारा माणूस बसवायचा आणि काम होतं का ते बघायचं. "एकदा करून दाखव," त्या म्हणाल्या होत्या. "फसलं तर हा विषय कायमचा बंद." सगळं तयार होतं, फक्त समोर बसवायला माणूस मिळत नव्हता.

अर्ध्या तासात चष्मा दुरुस्त झाला आणि माणूसही मिळाला.

शनिवारी परीक्षा त्याच्याच दुकानात ठेवली. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड: तुमचा चष्मा मोडला आहे. परवा प्रवासाला निघायचं आहे. काय झालं ते सांगा. दुकानदार आठ दिवस लागतील म्हणेल, तेव्हा काहीतरी मार्ग काढा. मी आणि मोठ्या बाई कोपऱ्यात गुणांचा तक्ता घेऊन बसलो.

पहिली विद्यार्थिनी आली. तिने मोडका चष्मा पुढे केला आणि तोंड उघडणार, एवढ्यात चष्मेवाला त्याच्या भाषेत म्हणाला, "अरेरे, दांडी तुटली ना? आणि प्रवासाला निघालात? काळजी करू नका, उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"हो," ती म्हणाली. "धन्यवाद."

सहाजण आले आणि सहाहीजण खूश होऊन गेले. मी तक्त्याकडे बघत बसले. सगळ्यांचं मिळून बोलणं दहा-बारा शब्दांचं होतं.

"परीक्षा कुणाची झाली?" मोठ्या बाई उठता उठता म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून थोड्या विरघळल्या. "पुढच्या शनिवारी दुसरी तुकडी आहे. ती शेवटची संधी."

त्या गेल्यावर मी त्याच्याकडे वळले. "तुम्ही त्यांच्या तोंडचा घास पळवलात."

"मी मदत केली," तो गोंधळून म्हणाला. "माझा धंदाच ओळखण्याचा आहे, बाई. ज्याला धड दिसत नाही, त्याला काय दिसत नाही हे सांगता येत नाही. मलाच ओळखावं लागतं. आणि..." तो पुसलेलाच आरसा पुन्हा पुसू लागला. "इथे आलो तेव्हा एकदा तापाने फणफणलो होतो. औषधाच्या दुकानात काय होतंय ते सांगता येईना, आणि मागच्या लोकांनी मला बाजूला सारलं. तेव्हापासून समोर कुणी शब्दासाठी अडलं की मला बघवत नाही."

माझा सगळा राग गळून गेला. खरं सांगायचं तर मी तेव्हाच त्याच्या प्रेमात पडले, पण त्या दिवशी मला वाटलं की मला फक्त वाईट वाटतंय.

"त्यांना बाजूला सारायचं नाही," मी हळूच म्हणाले. "नुसतं थांबायचं. तुम्ही त्यांच्याकडे बघत थांबलात ना, तरी पुष्कळ झालं."

मग आठवडाभर रोज दुपारी दोन ते तीन आमचा न कळण्याचा सराव चालला. मी गिऱ्हाईक, तो दुकानदार. मी नुसता चष्मा पुढे करायची आणि त्याने काही ओळखायचं नाही. पहिल्या दिवशी त्याला ते अजिबात जमेना.

"तुमच्या चेहऱ्यावरच सगळं लिहिलेलं असतं," तो तक्रार करायचा.

"मग चेहऱ्याकडे बघू नका."

"ते नाही जमणार," तो म्हणाला, आणि मी उगाचच कार्डं जुळवत बसले.

गुरुवारी त्याने मला पकडलं. "बाई, एक विचारू? गिऱ्हाईक होऊनसुद्धा तुम्ही इथल्याच भाषेत बोलता. माझ्या भाषेत तुम्ही माझ्याशी एक वाक्यही बोलला नाहीत."

मी सबबी शोधल्या, पण एकही सापडली नाही. "मी ती पुस्तकातून शिकले. त्या देशात कधी पाऊल ठेवलं नाही. वर्गात माझी चूक कुणाला कळत नाही. तुम्हाला... कळेल."

तो हसला नाही. "मी थांबेन," एवढंच म्हणाला. मी घड्याळात बघून पळ काढला.

शनिवारी सगळ्यात शेवटी आल्या निवृत्त नर्सबाई. त्यांची नात परदेशात वाढलेली, तिला फक्त तीच भाषा येते. त्यांनी चष्मा पुढे केला आणि गाडी अडली. दांडीला काय म्हणतात ते आठवेना. चष्मेवाल्याच्या हातातलं फडकं पिळवटून गेलं, पण तो गप्प राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"चष्म्याचा... हात," नर्सबाई म्हणाल्या. "चष्म्याचा हात खांद्यातून निखळला."

"आठ दिवस लागतील," तो म्हणाला.

"आठ दिवस नाही. परवा नात. मला तिचा चेहरा बघायचा आहे. आज नुसता बांधून द्या, मग परत आल्यावर ऑपरेशन करा."

मोठ्या बाईंनी माझ्या हातातला तक्ता ओढून घेतला आणि स्वतः पूर्ण गुण भरले. "पुढच्या वर्षीपासून हेच," जाता जाता त्या म्हणाल्या.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. मला त्याचे आभार मानायचे होते, आणि ते इथल्या भाषेत मानले असते तर मी कुठल्या तोंडाने परीक्षा घेणार होते? मी हात काउंटरवर घट्ट टेकवले आणि त्याच्या भाषेत म्हणाले, "मी... तुमची आभारी आहे."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "माफ करा, नीट कळलं नाही. कशाबद्दल?" तोही त्याच्या भाषेत बोलत होता.

मी बघतच राहिले. आठ्यांखाली डोळे हसत होते.

"तुम्ही थांबलात... त्याबद्दल. नर्सबाईंसाठी. आणि माझ्यासाठी."

"असं. आणखी काही काम होतं?"

"होतं." शब्द सापडेना. मी लांबचा रस्ता धरला. "आता दुपारी दोन वाजले की... मी कुठे जाऊ? सराव संपला. पण मला दोन ते तीन हवंय. रोजचं. आणि तीननंतरचंही."

"आठ दिवस लागतील," तो म्हणाला, पण हातातलं फडकं पुन्हा पिळू लागला.

"आठ दिवस नाही," मी म्हणाले. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. आज आहे." क्रियापद चुकलं होतं. मला तेव्हाच कळलं, आणि त्यालाही. दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

त्याने पिळवटलेलं फडकं बाजूला ठेवलं आणि इथल्या भाषेत, नऊ वर्षांत शिकलेल्या माझ्या भाषेत, सुरुवात केली. "बाई, मी... मला..." तो अडला. त्याला कुठला शब्द हवा होता ते मला स्वच्छ दिसत होतं, अगदी माझ्या जिभेवर होता.

मी त्याच्याकडे बघत थांबले.