तळमजल्यावरची लिफ्ट

दवाखान्याचं काचेचं दार ढकलून ती आत आली आणि जागच्या जागी थिजली. समोरच्या खुर्चीवर, पायाशी हत्यारांची पिशवी ठेवून, तिचा नवरा बसला होता.

त्यानेही तिला पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. लग्नाआधी तिला चहाला विचारताना झाल्या होत्या, अगदी तशाच.

"तू... इथे?" तिने विचारलं.

"लिफ्ट बघायला आलोय."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे एरवी यात वावगं काहीच नव्हतं. फक्त दवाखाना तळमजल्यावर होता आणि इमारतीला वर मजलाच नव्हता! खोटं बोलण्याच्या बाबतीत हा माणूस जन्मात सुधारणार नाही, हे ती जाणून होती. दुसरा दिवस असता, तर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण आज तिचीही बाजू लंगडी होती. या वेळी तिने तलावावर मुलांना पोहायला शिकवत असायला हवं होतं.

"आणि तू गं?"

"मी... मागच्या वेळी छत्री विसरले होते."

"ती तर तुझ्या हातात आहे."

तिने हातातल्या ओल्या छत्रीकडे पाहिलं. "सापडली मग," ती म्हणाली.

टेबलामागच्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि डॉक्टरांना थोडा वेळ लागेल, बसा, असं सांगितलं. ती बसली, पण मधली एक खुर्ची सोडून. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. तिला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

तिच्या दुखण्याचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर, नको तिथे वाढतं आणि पाळी आली की पोटात नुसता आगडोंब. त्यावर गोळ्या होत्या. पण त्या चालू असेपर्यंत दिवस जाणं शक्य नव्हतं. म्हणून तिने त्या बाजूला सारल्या. इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं, टेस्ट ट्यूब बेबीचे प्रयत्न झाले, आणि दर वेळी उत्तर एकच - नाही. दर वेळी तो तिला जवळ घेऊन म्हणायचा, "अजून एकदा बघू." बंद पडलेल्या लिफ्टपुढे उभा राहूनही तो हेच म्हणतो. आणि ती मान डोलवायची.

आता तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिला थांबायचं होतं. पण आपल्यामुळे याचं बाप होणं राहिलं, तर उद्या हा आपल्याकडे याच डोळ्यांनी बघेल का? या एका भीतीपायी तिची जीभ रेटत नव्हती. म्हणूनच ती आज चोरून आली होती. डॉक्टरांनीच त्याला काय ते सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

"माफ करा, इथे कुणी बसलंय का?"

तो मधल्या खुर्चीकडे बोट दाखवत होता. चेहरा अगदी साळसूद. तिला हसू फुटलं.

"नाही. पण माझं लग्न झालंय, आधीच सांगते."

"माझंही झालंय हो. बायको पोहायला शिकवते. घरातसुद्धा शिट्टी वाजवते."

"तुम्ही हाक मारून ऐकत नसाल!"

"ऐकतो की... पण तिने पुन्हा मारावी म्हणून गप्प बसतो."

तो मधल्या खुर्चीवर सरकला. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास होता. तो वास तिला का आवडतो, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"खरं सांगा," तिने हळूच विचारलं, "कशाला आलात? परक्या माणसाला सांगायला काय हरकत आहे?"

तो नखातलं काळं कोरू लागला.

"डॉक्टरांना गळ घालायला आलोय. माझ्या बायकोला सांगा म्हणावं... आता पुरे. मी म्हटलं, तर तिला वाटेल मी हात टेकले. तिला मूल फार हवंय हो. दुखायला लागलं की बाथरूममध्ये नळ सोडून बसते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी दाराबाहेरच बसलेला असतो."

ती त्याच्याकडे वळली. "मग 'अजून एकदा बघू' असं कोण म्हणतं?"

"मीच. तिचा चेहरा बघवत नाही... दुसरं काही सुचतच नाही."

"अरे गाढवा!" परकेपण कुठल्या कुठे पळालं. "मला वाटायचं, तुलाच हवंय! तू म्हणायचास म्हणून मी हो म्हणायचे."

"आणि तू हो म्हणायचीस म्हणून मी पुढच्या तारखा घ्यायचो."

आधी तिला हसू आलं, मग राग आला. किती दुखलं होतं, आणि कशासाठी? एकमेकांचं मन राखण्यासाठी? आणि मग तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. त्याने तिचा हात धरला.

डॉक्टरांपुढे तिनेच तोंड उघडलं. "मला हे दुखणं थांबवायचंय."

"गोळ्यांनी बरंच आवरेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्या चालू असेपर्यंत मुलाचा विचार बाजूला. पुढचं पुढे ठरवता येईल. चालेल?"

सवयीने तिने त्याच्याकडे पाहिलं. पण उत्तर तिचं होतं आणि तो त्याची वाट बघत होता.

"चालेल," ती म्हणाली.

बाहेर फुटपाथवर आल्यावर ती थांबली. "खरं सांग... तुला वाईट वाटेल?"

"वाटेल. खूप वाटेल. मला आपलं मूल हवं होतं गं. अजूनही हवंय." त्याने हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण तूच दाराआड कण्हत बसलीस, तर मी त्या घरात हसायचं कुणाबरोबर?"

भर रस्त्यात तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि दोघंही रडली, एकाच गोष्टीसाठी, पहिल्यांदाच एकत्र. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.