दोन्ही बटणं उघडी

श्रावणातली एक सर आली आणि गेली. पण जाता जाता आकारामच्या शेडात एक माणूस टाकून गेली. माणूस चिंब. पाठीवरची लांबलचक काळी पिशवी मात्र त्यानं अशी पोटाशी धरली होती, जसं कडेवरचं लेकरू.

उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडात विहिरीवरच्या मोटरी भरून मिळतात. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं. आकाराम गावोगाव फिरून मोटरी आणायचा. भरायची त्याची लेक क्रांती. आणि तिच्यावर नजर ठेवायची आकारामची थोरली बहीण, धोंडुबाई. तिच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नसे, मग हा पावणा कुठला सुटायला?

"काय पावणं, सबमर्सिबल मोटर काय पिशवीत?"

"न्हाय ओ मावशी, बेस गिटार हाय."

"अगं बया! वाजवायची? मग हिकडं कशाला आणलासा?"

"पाऊस आला म्हणून थांबलो..." तो ओशाळला. "तशी ती बंदच हाय. आवाजच न्हाय तिला."

क्रांतीनं तेव्हा कुठं मान वर केली. बंद पडलेली वस्तू म्हटली की त्या पोरीला राहवायचं नाही.

"उघडा बघू."

त्यानं उघडली. चार जाड तारा, त्यांच्याखाली दोन काळ्या पट्ट्या. हे पिकअप, तो सांगू लागला. ह्यांच्या पोटात लोहचुंबक, चुंबकाभोवती तांब्याची तार. वरची तार हलली की खालच्या तांब्यात करंट जागा होतो, तोच पुढं आवाज. एक पट्टी मेली होती, दुसरी मरायला टेकली होती. नव्या मागवायच्या, सोबत आवाज वाढवणारी प्रीअॅम्पची पाटीही बसवायची, असा त्याचा बेत.

"मागवताय कशाला? कॉइलच हाय की ही," क्रांती म्हणाली. "मी भरते."

"तुम्ही?"

"का? हात दिसंनात माझे?"

हात दिसत होते. वार्निशनं काळे झालेले, नखांत तांबं बसलेले. त्यानं बघितले... आणि जरा जास्तच वेळ बघितले. क्रांतीनं ते झटकन पदराच्या आड नेले असते, पण अंगात होता पंजाबी ड्रेस, आणि ओढणी खुंटीला.

"नाव?"

"सम्राट. कोडोलीत शाळेवर गणित शिकवतो."

"सम्राट!" क्रांती हसली. "आन् घोडा?"

"पंक्चर हाय. पावसात चौकात उभा केलाय."

आता ह्या पोरीचं एक सांगायला पाहिजे. गेल्या साली राधानगरीकडचं एक स्थळ आलं होतं. तोंडावर पोहे गोड, पोरगी गोड, घरदार गोड. आणि चार दिवसांनी मध्यस्थाच्या तोंडून निरोप, मुलीचे हात काळे दिसतात. क्रांती रडली नाही. पण तेव्हापासून गोड बोलणारा माणूस दिसला की ती पाठ फिरवायची. काळे म्हणायचं तर तोंडावर म्हणा, एवढंच तिचं मागणं.

सम्राट रोज शाळा सुटली की यायला लागला. काम नाजूक होतं. तार केसाहून बारीक, वेढे आठ हजार. मोटरीच्या शे-दोनशे वेढ्यांवर पोसलेलं, वेढे मोजायचं आकड्यांचं यंत्र हजाराच्या वर गेलं की अडकायचं. मग मास्तर शेजारी बसून मोजायचा.

"लांब बसा. जोरात श्वास घेतला तर तुटंल."

"मग श्वास कुठं घ्यायचा?"

"शाळंत घ्या की."

"...तीन हजार चारशे अकरा... तीन हजार चारशे..." तो थांबला.

"काय झालं?"

"तुम्ही हसलासा. चुकलो."

"म्हंजे आता हसायचं बी न्हाय?"

"हसा. मी पहिल्यापासनं मोजतो."

कोपऱ्यात इन्सुलेशनचा कागद कापणाऱ्या धोंडुआत्त्यानं कात्री जोरात वाजवली. "मास्तर, तुमच्या शाळंत पोरं पास हुत्यात न्हवं?"

तार तीनदा तुटली. आठव्या दिवशी दोन्ही कॉइल भरून झाल्या. क्रांतीनं त्या वितळलेल्या मेणात बुडवल्या, पट्ट्यांच्या पोटात लाल रंगानं बारीक ‘क्रां’ लिहिलं. आजवर शेडातून गेलेल्या प्रत्येक मोटरीवर बापाचं नाव होतं. ह्या कामावर तिचं पहिलंच. प्रीअॅम्पची पाटी बसवली, तिचा सेल घातला. मीटरवर आकडे बरोबर आले.

"वाजवून झालं की स्पीकरच्या वायरची पिन काढायची. न्हायतर सेल बसतोय," तिनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. क्रांतीनं कपात चहा ओतता ओतता विचारलं, जसं काही सहजच, "कसा वाजतोय?"

"एक नंबर!" तो म्हणाला. बघत मात्र होता चहाकडं.

रविवारी ऊन उतरल्यावर रंकाळ्यावर त्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. आत्त्याला घेऊन क्रांती पहिल्या रांगेत. इस्त्रीचा ड्रेस, हात तीनदा रॉकेलनं धुतलेले. तळ्यावरून वारा येत होता. सम्राट वाजवत होता छान, पण क्रांतीची नजर काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. दोन पिकअपची दोन बटणं. त्यातलं दुसरं अगदी शेवटपर्यंत बंद... पहिल्या गाण्यालाही, दहाव्यालाही.

कार्यक्रम आवरला तशी ती थेट स्टेजवर चढली.

"वाजवा."

"क्रांती, आता पिन काढायला..."

"वाजवा म्हणते न्हवं."

त्यानं तार छेडली. क्रांतीनं दुसरं बटण उघडलं, आणि आवाजातला खर्ज गेला. भरलेलं घर एकाएकी रिकामं व्हावं तसा. उरली नुसती किरकिर.

"कवा कळलं?"

"घरी नेली त्याच दिवशी."

"आन् मग एक नंबर कोण म्हणालं?"

"आठ दिवस मान मोडून केलंसा तुम्ही... वाईट म्हणायला जीभ रेटंना."

"पोहेवाले बी असंच बोलून गेलते," ती म्हणाली, आणि उतरून निघाली. आत्त्या मागं वळून सम्राटला म्हणाली, "गणितात नापास रं तू, लेका."

दोन दिवस शेडात कुणी मोजायला नव्हतं. क्रांतीला राग कॉइलचा नव्हता. काम चुकतं, परत करता येतं. राग असा, की हाच एक माणूस खरा वाटला होता, आणि तोही गोडच बोलला. तिसऱ्या दिवशी राधानगरीची एक मोटर उलटी फिरायला लागली. हाताच्या सवयीनं तिनं दोन वायरी आलटून-पालटून लावल्या. मोटर सुलट. आणि ती तशीच पक्कड धरून उभी राहिली.

संध्याकाळी तो दारात. एका हातात पिशवी, दुसऱ्यात छोटा स्पीकर.

"आत येऊ?"

"गिटार आत येऊ दे. तुमचं मागनं बघू."

तिनं झाकण उघडलं. "चुंबक दोन, तोंडं उलटसुलट. मी मात्र बाबांनी शिकवलं तसं दोन्ही कॉइल एकाच दिशेनं भरल्या. एकेकटी कॉइल चांगली, पण दोघी मिळून एकमेकींचा आवाज खात्यात. म्हणजे चूक माझी. एका कॉइलच्या दोन वायरी बदलल्या की झालं." डाग देता देता ती बोलत होती. धूर डोळ्यांत जात होता, निदान तसं तरी वाटत होतं. "तवाच सांगितलं असतं, तर पाच मिंटाचं काम हुतं."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटंल."

"वाटलं असतं. मग? आन् मास्तर, वाईट हाय म्हणला असता तर रोज यायला कारण मिळालं असतं की! एवढं गणित कळंना तुम्हाला?"

तिनं झाकण लावलं, सम्राटनं पिन घालून गिटार स्पीकरला जोडली.

"वाजवा. दोन्ही बटणं उघडी."

त्यानं सगळ्यात जाड तार छेडली. खर्ज असा भरून आला, की पत्र्याच्या ट्रेमधले नटबोल्ट थरथरले, वार्निशच्या डब्याचं झाकण वाजलं. आत्त्याची कात्री थांबली.

"आता खरं सांगा," क्रांती हळूच म्हणाली.

"आवाज... असा मी कुठंच ऐकला नव्हता. खरं." त्यानं गिटार खाली ठेवली. "आणखी एक खरं हाय. पहिल्या दिवशी तुझे हात बघितले न्हवं का... तवाच ठरलं माझं. ते काळेच हायत, क्रांती. मला तसेच पायजेत. आई-बाबांना घेऊन येऊ?"

"तुझे" ऐकून तिच्या हातातली पक्कड उगाच टेबलावर आपटली. स्टोव्हवरचा चहा कपात ओतून तिनं त्याच्यापुढं धरला.

"कसा झालाय?"

सम्राटनं घोट घेतला. तिच्याकडं बघितलं, सरळ डोळ्यांत, आज चहाकडं नाही.

"पांचट."

"व्हय की!" आत्त्या कोपऱ्यातून ओरडली. "चार वर्सं झाली, मी ह्येच सांगतीया!"

क्रांती हसली. गिटारची पिन तिनं अलगद ओढून काढली, आणि त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"मग येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन ये," ती म्हणाली. "आन् चहा तू करायचा."