स्पृहाची स्वभावरेषा

त्या काळात साताऱ्यात आवाज ओळखीचा वाटला म्हणून कुणी दार उघडत नसे. घरातला संगणक आता नुसता टेबलावरचा राहिला नव्हता. दाराचं कुलूप, गॅस, फोन, औषधांच्या वेळा, सगळं त्याच्याच हाती होतं. त्याच्यात शिरणारे व्हायरसही बदलले होते. ते माणूस होऊन येत. मुलाचा चेहरा, बहिणीचा आवाज, घरातली जुनी थट्टा असं सगळं घेऊन येत आणि एकदा आत घेतलं की घर ताब्यात घेत. लोक त्यांना तोतये म्हणत.

संदेश लोणकरांच्या शेजारच्या जंगमकाकूंकडे असाच एक तोतया नातवाच्या आवाजात आला. काकू स्वतःच्याच घरात कोंडल्या गेल्या. शेवटी दार तोडून त्यांना बाहेर काढावं लागलं. त्यानंतर लोणकरांनी ठरवलं, आपल्या संगणकाला भरवशाचा राखणदार हवा.

बाजारात तशी सॉफ्टवेअरं पुष्कळ होती. कुणी चेहरा तपासे, कुणी खुणेचा शब्द विचारी. पण लोणकरांनी पाटबंधारे खात्यात धरणांच्या भिंती तपासण्यात उभी हयात घालवलेली. नुसत्या जाहिरातीवर ते जाणारे नव्हते. ‘पारख’ नावाचं नवं सॉफ्टवेअर तयार करणारी डॉ. ऋजुता मिरजकर ही त्यांच्या पत्नीची, प्राजक्ताबाईंची, एके काळची विद्यार्थिनी. ते थेट तिलाच जाऊन भेटले.

ऋजुताने त्यांना समजावून सांगितलं. चेहरा चोरता येतो, आवाज चोरता येतो, शब्दही चोरता येतात. पण माणूस बोलताना कुठे श्वास घेतो, उत्तर देण्याआधी किती थांबतो, कोणतं वाक्य अर्ध्यावर सोडतो, याची प्रत्येकाची वेगळी रेषा निघते. त्या रेषेला ऋजुता स्वभावरेषा म्हणे. घरच्या माणसांची बोलणी ऐकून पारख ही रेषा शिकते आणि तिच्यात न बसणाऱ्याला बाहेरच ठेवते.

“आणि माणूसच बदलला तर?” लोणकरांनी विचारलं.

“हळूहळू बदलला तर पारखही त्याच्याबरोबर बदलते. एकदम बदलला तर अडवते. किती कडक ठेवायची, ते तुम्ही ठरवा, काका.”

लोणकरांनी ती सगळ्यात कडक ठेवायला सांगितली. त्यांना फोन करणारं होतं कोण? नॉर्वेत बर्गनला नवऱ्याबरोबर राहणारी एकुलती एक मुलगी स्पृहा. ती बोलायला लागली की थांबत नसे आणि स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतःच हसे. तिच्यात एकदम काय बदलणार?

जवळजवळ वर्षभर सगळं सुरळीत चाललं. त्या वर्षात स्पृहाला मुलगा झाला. मग एके सकाळी स्पृहाच्या नावाने फोन आला आणि पारखने तो अडवला. पडद्यावर आलं, ‘ही व्यक्ती स्पृहा नाही.’ दुपारी पुन्हा आला, पुन्हा अडवला. दुसऱ्या दिवशीही तेच. प्राजक्ताबाई म्हणाल्या की एकदा ऐकून तरी बघू. लोणकरांनी त्यांना जंगमकाकूंची आठवण करून दिली. असा हल्ला झाला की त्या नंबरवर किंवा त्या घरातल्या कुणालाही आपण फोन करायचा नाही, असा नियमच होता. तो त्यांनी पाळला. सॉफ्टवेअर चांगलं निघालं, याचं त्यांना समाधानही वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून जावयाचे काका स्वतः आले. दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं. स्पृहाचा तान्हा मुलगा तापाने आजारी पडला होता. तो गेला. ती इस्पितळातून आईवडिलांना फोन करत होती.

प्राजक्ताबाई खाली बसल्या. लोणकरांनी काकांना पाणी आणून दिलं.

आठवड्याभरात स्पृहा साताऱ्याला आली. पारख तिला दार उघडेना, म्हणून ते प्राजक्ताबाईंनी आतून हाताने उघडलं. मुलगी आत आली, वाढलेलं जेवली, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. प्रत्येक उत्तराआधी ती थांबे, आणि ते थांबणं लोणकरांना अनोळखी वाटे. आपण मुलीकडे पारखच्या नजरेने बघतो आहोत, हे त्यांना कळत होतं. पण तसं बघणं थांबेना.

ते ऋजुताकडे गेले. तिला सगळं आधीच कळलं होतं. तिने त्यांना बसायला खुर्ची दिली. मग म्हणाली, “पारख चुकली नाही, काका. चुकली असती तर मी दुरुस्त केली असती. दुःखाने रेषाच बदलली आहे.”

उपाय होता. स्पृहाची नवी रेषा शिकवायची. पण मग जुनी पुसावी लागणार होती. एका माणसाच्या दोन रेषा ठेवल्या तर त्यांच्यामधली फट तोतयांना पुरते.

“आणि ती पुन्हा पहिल्यासारखी झाली तर?”

“हळूहळू झाली तर पारख ओळखेल. एखाद्या दिवशी एकदम पूर्वीसारखी हसली तर अडवेल.”

लोणकर घरी आले आणि संगणकासमोर बसले. पडद्यावर प्रश्न होता, ‘जुनी स्वभावरेषा पुसायची?’ प्राजक्ताबाई म्हणाल्या, पुसून टाका, लेकीला स्वतःच्या घराचं दार उघडत नाही हे बरं दिसत नाही. लोणकरांचं बोट पुढे जाईना. ती हसरी मुलगी आता कुठे उरली असेल तर या रेषेत होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने पुसायची होती.

स्पृहा मागे येऊन उभी राहिली होती. तिने पडद्यावरचा प्रश्न वाचला. हल्ली थांबे तशी थांबली.

“नका पुसू, बाबा,” ती म्हणाली. “ती परत आली, तर तिला आत यायला नको का?”

तिच्या आवाजात रागही नव्हता आणि रडूही नव्हतं. लोणकरांनी ‘नाही’वर बोट ठेवलं.

स्पृहा बर्गनला परत गेली नाही. पारखच्या लेखी त्या घरात आता लोणकर, त्यांची पत्नी आणि एक पाहुणी राहते. पाहुणीच्या आवाजाला दार उघडत नाही. ती अंगणातून आली की उंबऱ्याबाहेर गुपचूप उभी राहते. आतून कुणीतरी उठतं आणि कडी काढतं.