ब्रेकवरचा पाय

"वजन किती हो तुमचं?"

प्रश्न जमिनीतून आल्यासारखा वाटला. बाजारातून मेथी घेऊन परतणाऱ्या संघपालनं सायकल थांबवली आणि इकडंतिकडं पाहिलं. मुकुंदवाडीतली ती गल्ली रविवारच्या सकाळी अजून आळसावलेली होती. मार्चचं ऊन मात्र कामाला लागलं होतं. उजवीकडच्या घराच्या पोर्चमध्ये एक लालभडक, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी.

"माझं?" त्यानं विचारलं.

"मग काय तुमच्या सायकलचं?"

"चोपन्न किलो..."

पाय सरकले आणि मागोमाग बाकीची मुलगीही बाहेर आली. गालावर ग्रीस, केसांत धूळ, नाकावर वाकडा चष्मा. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चेहरा एकदम उजळला.

"बरोब्बर माझ्याइतकं! या ना, जरा गाडीत बसता?"

संघपालच्या हातातली मेथीची जुडी सैल झाली. चारचाकीच्या पुढच्या सीटवर तो गेल्या कित्येक वर्षांत बसला नव्हता. गावाकडं, फर्दापूरला जायचं तर एसटी, तीही डोळे मिटून. शहरात सायकल. मित्राच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा तो गाडीमागून चालत गेला होता. नाय म्हणावं आणि निघून जावं... जीभ तेवढ्यासाठी उचललीही होती त्यानं. पण ती मनगटानं कपाळावरचे केस बाजूला सारत त्याच्याकडं पाहत होती, आणि जीभ तशीच राहिली.

"गाडी कुठं जाणार नाही," ती म्हणाली. "चाकांची मापं घ्यायचीत. रिकाम्या गाडीची घेऊन उपयोग नसतो. चालवणारा बसला की गाडी त्याच्या बाजूला दबते, चाकं कलतात. मी आत बसले तर खाली वाकून बघणार कोण? आईला बसवलं असतं, पण तिचं वजन—"

"सुलेखा!" घरातून आवाज आला. "माझं वजन गल्लीला सांगू नको!"

आवाज तिच्या आईचा, मुक्ताबाईंचा. घाटी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या मुक्ताबाई पदराला हात पुसत दारात आल्या, संघपालला पाहून "जय भीम, बाळा" म्हणाल्या आणि चहा टाकायला परत आत गेल्या. आता निघून जाणं शोभलं नसतं. तो गाडीत बसला.

सीट इतकी खाली होती, की जमिनीत उतरल्यासारखं वाटलं. बाहेर गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मधोमध उंचीवर, गवंडी बांधतात तशी दोरी ताणलेली होती. पुढच्या चाकांखाली फरशीचे दोन-दोन तुकडे होते, मध्ये ग्रीस लावून, म्हणजे चाक सहज वळावं. सुलेखानं डाव्या चाकाला एक चपटं यंत्र चिकटवलं. चाक किती अंशांनी आत झुकलंय ते त्यावर आकड्यात दिसायचं.

"आकडा का थांबत नाहीये?" ती पुटपुटली. "आत्ता तर बरं होतं हे..."

तिनं यंत्र काढून फुंकर मारली, पुन्हा लावलं. मग तिची नजर हळूहळू वर आली. काचेतून तिनं पाहिलं. संघपालनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं होतं आणि त्याच्या कोपरांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं अंग थरथरत होतं. आकडा त्याच्यामुळंच हलत होता.

ती खिडकीशी आली. "थंडी वाजतेय का?"

एवढ्या उन्हात! "व्हय," तो म्हणाला. "जरा... तापच असंल."

ती हसली नाही. तेवढं एकच त्याला नंतर कितीतरी वेळ आठवत राहिलं. तिनं खिडकीतून हात आत घालून चावी काढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली.

"आता गाडीचे मालक तुम्ही. तुम्ही द्याल तेव्हाच ती सुरू होणार. ठीक?"

थरथर थांबली नाही, पण कमी झाली. आकडा सापडला. निघताना त्याच्याच्यानं राहवलं नाही. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला वाकडा चष्मा बघवत नाही.

"तुमचा चष्मा... देता?"

त्यानं डावी काडी अंगठ्यानं हळूच दाबली, नाकावर टेकणाऱ्या चकत्या मागं घेतल्या आणि दोन्ही हातांनी चष्मा तिच्या कानांवर बसवला. बोटं तिच्या केसांना लागली आणि चटका बसल्यासारखी मागं आली.

"आता सरळ दिसतंय?"

"जरा जास्तच सरळ दिसतंय," त्याच्याकडं बघत ती म्हणाली.

मग रविवारामागून रविवार तो गाडीत बसू लागला. ती वाळूजच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करायची. ही गाडी तिनं पुण्याहून ठोकलेल्या अवस्थेत आणली होती आणि पोर्चमध्येच एक-एक भाग जोडत उभी केली होती. मे महिन्यात एका बंद धावपट्टीवर घड्याळाशी शर्यत होती. तिथं तिला उतरायचं होतं. कधी ती स्प्रिंगखालची कडी फिरवून गाडी उंच करायची, कधी खाली. चाकांची तोंडं आत वळवायची, मग केसभर बाहेर. दर वेळी बॉनेटवर दोन्ही हात टेकवून गाडी गदागदा हलवायची, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात.

"ब्रेकवर पाय ठेवू नका हं," ती सांगायची. "चाकं मोकळी राहू देत."

"नाय ठेवत," तो म्हणायचा. आणि गाडी हलली रे हलली, की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक पार तळापर्यंत दाबायचा. पोर्चला दोन बाजूंनी भिंत होती, चावी खिशात होती, तरीही.

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचा पगार मिळतो तुम्हाला. मजा आहे यार," ती चाकाआडून म्हणायची.

"डोळ्यांत नाय बघत. नंबर बघतो."

"माझा किती असेल?"

"लांबून कसं सांगणार?"

"मग जवळून बघा की..."

चाकावरचा आकडा पुन्हा नाचायला लागायचा. ती खाली मान घालून हसायची.

एका रविवारी त्यानं तिला कृष्णाबद्दल सांगितलं. कृष्णा गावातला जिवलग मित्र. अजिंठ्याच्या घाटात जीप उलटली तेव्हा पुढच्या सीटवर दोघं शेजारी बसले होते. संघपालला खरचटलंसुद्धा नाही. कृष्णा दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. सुलेखा पाना हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि तरी तुम्ही इथं येऊन बसता. का?"

"तुमच्याइतकं वजन दुसऱ्या कुणाचं नाय म्हणून," तो म्हणाला. खरं उत्तर सांगायची भीती गाडीपेक्षा मोठी होती.

एप्रिलमध्ये सगळी मापं जुळली आणि ती गाडी घेऊन निघाली. पहिलीच चाचणी. संघपाल मुक्ताबाईंबरोबर पायरीवर बसून राहिला. गाडीचा आवाज लांब जात जात विरला. चहा आला, गार झाला. कुठं लांबवर हॉर्न वाजला तरी तो उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. मुक्ताबाई शेंगा सोलत होत्या, पण सोललेले दाणे टरफलांत टाकत होत्या.

"मी तिला कधी अडवलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण ती परत येईपर्यंत मी श्वास घेत नाही रे."

गाडी आली ती गोगलगायीसारखी. पोर्चमध्ये तिरकी उभी राहिली. सुलेखा उतरली, आईकडं बघून "मस्त चालली" म्हणाली आणि नळाखाली तोंड धुवायला गेली. संघपाल मागोमाग गेला. पाणी वाहत होतं आणि ती नुसतीच नळ धरून उभी होती.

"ब्रेक मारला की डावीकडं ओढते," ती कुजबुजली. "एकदम... कुणी हात धरून खेचल्यासारखी. बाजूला ट्रक होता. एवढंसं अंतर राहिलं होतं. आईला सांगू नका." मग जरा थांबून, "मापं तर सगळी बरोबर आहेत. चुकलं कुठं तेच कळत नाहीये."

त्याच क्षणी संघपालला एक आवाज आठवला.

टुक!

ती गाडी हलवायची तेव्हा डाव्या चाकाकडून यायचा. बारीक, लाकडावर बोट वाजवावं तसा. त्याला वाटायचं, आपलेच दात वाजतायत. पण तो यायचा तेव्हाच, जेव्हा त्याचा पाय ब्रेकवर असायचा. नको म्हणून सांगितलेल्या ब्रेकवर.

आता हे सांगायचं म्हणजे कबूल करायचं, की उभ्या गाडीतसुद्धा मी दर रविवारी ब्रेक दाबून बसत होतो. ती काय म्हणेल? हसेल? की दुसरा कुणीतरी बघेल, धीट, त्याच वजनाचा? तो तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात एका आजींना त्यानं आजोबांचा चष्मा दिला आणि आजोबांना आजींचा. दोघं एकमेकांकडं बघत बसले आणि मालक ओरडले. दुपारी जेवणाचा डबा उघडला, पुन्हा बंद केला. ती आज ऑफिसवरून येऊन पुन्हा गाडी बाहेर काढणार होती.

दुकानातून तो लवकर निघाला आणि सायकल अशी हाणली, की गल्लीतली कुत्री मागं लागली. सुलेखा गाडीचं दार उघडतच होती.

"थांबा!" त्याला धाप लागली होती. "मी ब्रेक दाबायचो. रोज. म्हंजे... दर रविवारी. तुम्ही नको म्हणायच्या तरी. मला लई भ्या वाटायचं. आन् दाबला, की डाव्या चाकात टुक वाजायचं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला.

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? काल मी ट्रकखाली गेले असते, संघपाल!"

"व्हय," तो म्हणाला. डोळे भरून आले होते. "काल रात्रीपासून तेच दिसतंय मला."

तिनं सीटकडं बोट दाखवलं. तो बसला. "दाबा," ती म्हणाली. त्यानं ब्रेक दाबला आणि तिनं पुढून गाडी ढकलली, ओढली. टुक. पुन्हा ढकलली. टुक. ती गाडीखाली शिरली आणि बराच वेळ तिथंच राहिली. चाक जागेवर धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या मुळाशी रबर असतं, ते आतून फाटलं होतं. गाडी उभी असताना सगळं ठाकठीक, मापं बिनचूक. ब्रेक लागला की चाक मागं सरकायचं आणि गाडी तिकडं धावायची.

बाहेर आली तेव्हा तिचा राग उतरला होता. "पाय मोकळा ठेवला असता," ती थांबून म्हणाली, "तर मला हे कधीच सापडलं नसतं."

नवं रबर बसलं, मापं पुन्हा जुळवली. शहराबाहेर शेंद्र्याच्या बाजूला रिकाम्या प्लॉटांमधून जाणारा एक रुंद, ओसाड रस्ता होता. तिथं पुन्हा चाचणी घ्यायची ठरली. ती पोर्चमध्ये स्टिअरिंगमागं बसली. बसूनच राहिली. चावी लावलेली, हात मांडीवर.

"सुलेखा?" संघपालनं बाहेरून विचारलं.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला.

तो गाडीला वळसा घालून गेला आणि त्यानं डावं दार उघडलं. पाय उचलत नव्हते. त्यानं एक पाय हातानं धरून आत ठेवला, मग दुसरा. पट्टा त्याला लावता येईना. खाच सापडतच नव्हती. तिनं वाकून लावून दिला. तिचा श्वास त्याच्या गळ्याशी आला आणि गेला.

"उतरायचं असेल तर..."

"चला," तो म्हणाला. "मी ओरडलो तर ऐकू नका."

शहर मागं पडलं. दोन्हीकडं बाभळी आणि पांढरं ऊन. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, आणि मग गाडीनं जमीन सोडल्यासारखी झेप घेतली. बाभळींची एकच हिरवी रेघ झाली. संघपालच्या डोळ्यांसमोर घाट आला, कृष्णाचा हात आला, उलटं झालेलं आभाळ आलं. तो ओरडला नाही. आवाजच उरला नव्हता.

"आता!" सुलेखा म्हणाली आणि ब्रेकवर उभी राहिली.

पट्टा छातीत रुतला. टायर किंचाळले. सगळं जग पुढं आलं आणि थांबलं. मागून येणारी धूळ गाडीवरून पुढं निघून गेली.

त्यानं डोळे उघडले. रस्ता सरळ होता. गाडी रस्त्याच्या अगदी मधोमध उभी होती.

तो उतरला, दोन पावलं चालला आणि रस्त्याकडेलाच बसला. ती शेजारी येऊन बसली. टिटवी कुठंतरी ओरडत होती.

"त्या दिवशी ट्रक आला ना बाजूला," ती समोर बघत म्हणाली, "तेव्हा मला काय दिसलं माहितीये? आई नाही, शर्यत नाही. दिसलं, की तुम्ही रविवारी मेथीची जुडी घेऊन आलात... आणि घराला कुलूप आहे."

संघपालनं ओठांवरून जीभ फिरवली. तोंडात धूळ होती.

"मला आता गाडीचं एवढं नाय," तो म्हणाला. "पण तुम्ही जाणार आन् मी पायरीवर बसून आवाज ऐकत राहणार... आयुष्यभर हे कसं जमायचं, त्याचं भ्या वाटतं."

"आयुष्यभर?"

शब्द सुटून गेला होता. परत घ्यायचा तर आत्ताच. त्यानं खूप मोठा श्वास घेतला.

"व्हय. आयुष्यभर."

वाऱ्यानं तिचे केस चष्म्यावर आले. तिनं ते बाजूला केले नाहीत.

"मग पायरीवर कशाला बसायचं? शर्यतीला चल. कडेला उभा राहा... मला दिसशील असा."

'चल', ती म्हणाली होती. 'चला' नाही. त्यानं ते मनातल्या मनात एकदा पुन्हा ऐकून घेतलं.

"मी डोळे मिटून घेईन," तो म्हणाला.

"मीट. पण ये."

"येतो. तू..." आणि या एवढ्याशा शब्दावर तो अडखळला, मग पुढं गेला, "तू जाताना जरा हळू चालव."

ती उठली आणि त्याला उठवायला हात पुढं केला. त्यानं तो धरला. एक हात थरथरत होता. कुणाचा, ते दोघांनाही कळलं नाही, आणि सोडून बघावं असं कुणालाच वाटलं नाही.