चिमटू बालवाडीत जातो

चिमटूला सगळे ठाऊक होते. कासवाच्या अंड्याचे वजन किती, कवच किती पातळ, किती दाबले तर ते फुटते, हे तो विचारताक्षणी सांगायचा. मग मातीचा साधा गोळा उचलताना तो त्याचा चेंदामेंदा का करत होता? यंत्रमानव घडवणाऱ्या डॉ. सदानंद मयेकरांना हे कोडे सुटत नव्हते.

चिमटू त्यांचा सर्वांत नवा यंत्रमानव. गुडघ्याएवढा, चाकांवर फिरणारा, एकच लांब सडपातळ हात असलेला. खारवली गावच्या किनाऱ्यावर वादळात बंधाऱ्याचे दगड कोसळले होते आणि त्यांच्याखाली कासवाचे घरटे अडकले होते. फटीतून माणसाचा हात आत जात नव्हता, चिमटूचाच जाऊ शकत होता. दगड हलवले असते तर वाळू खचून अंडी चिरडली असती. अमावास्येच्या उधाणाचे पाणी तिथवर येणार होते. त्याआधी अंडी निघाली नाहीत, तर एकही पिल्लू वाचणार नव्हते.

अंगणात सराव करताना पुन्हा एक गोळा चेपला. "चूक झाली. काम थांबवले," चिमटू म्हणाला आणि त्याने हात मिटून घेतला.

मयेकर आजोबांची पाच वर्षांची नात रुंजी पायरीवर बसून बघत होती. "आजोबा, हा लगेच थांबतो का? आमच्या बालवाडीत असं कुणी थांबत नाही."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिमटूला घेऊन बालवाडीत हजर झाले.

"आज त्याला काही शिकवू नका," बालवाडीच्या शुभदाताई म्हणाल्या. "नुसतं खेळू दे."

"ताई, उधाण जवळ आलंय. खेळण्यात वेळ कसा घालवू?"

"तुम्ही आधी मुलांकडे बघा तरी, काका."

आजोबा सतरंजीवर बसले. रुंजी मातीचा हत्ती करत होती. सोंड गळून पडली. तिने जाड सोंड लावली. आता हत्तीच तोंडावर आपटला. तिने थोडा विचार केला, मग हत्तीला फतकल मारून बसवले. हत्ती टिकला. तिला कोणी चूक म्हटले नव्हते, कोणी उत्तरही सांगितले नव्हते.

आजोबांनी तिथेच चिमटूची आज्ञावली (यंत्राला काय करायचे ते सांगणाऱ्या सूचना) बदलली. चुकलास तरी थांबू नकोस, वाटेल ते करून बघ.

चिमटूने पहिलाच गोळा सपाट केला. शेजारचा रमीझ खुदकन हसला. "पोळी झाली. आता लाडू कर. हळू दाब."

"हळू म्हणजे किती?" चिमटूने विचारले.

रमीझला ते सांगता येईना. रुंजीने चिमटूचे धातूचे बोट आपल्या मुठीत धरले आणि अलगद दाबले. "एवढं."

बोटातल्या संवेदकांनी (स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या भागांनी) तो दाब टिपला. लाडू झाला, जरा वेडावाकडा. पुढचे दिवस चिमटू रोज बालवाडीत गेला. ओल्या कागदावर रंगवताना त्याने कागद फाडले, मग कुंचला हलका धरायला लागला. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत त्याचे लिंबू सारखे पडायचे, मग पडेनासे झाले.

"आधी का जमत नव्हतं त्याला?" रुंजीने विचारले.

"त्याला आकडे पाठ होते," आजोबा म्हणाले. "पण गोळा ओला आहे की सुका, हे हात लावल्यावरच कळतं. आपला मेंदू आधी अंदाज बांधतो, मग खरंच काय झालं ते बघतो. फरक पडला की पुढचा अंदाज थोडा बदलतो. खेळताना हे सारखं चालू असतं. आणि खेळात चुकलं तरी काही बिघडत नाही, म्हणून नवं करून बघायची भीती वाटत नाही."

"म्हणजे मी हत्ती करत होते तेव्हा..."

"तेव्हा तुझा मेंदू तुझे हात घडवत होता."

अमावास्येच्या आदल्या दिवशी सारा गाव किनाऱ्यावर जमला. अंडे जराही उलटायचे नव्हते, कारण आतला भ्रूण (वाढणारे पिल्लू) कवचाला वरच्या बाजूने चिकटलेला असतो. चिमटूचा हात फटीत शिरला. पहिले अंडे ओल्या वाळूत निसटले. आजोबांनी डोळे मिटले.

चिमटू थांबला नाही. "अंदाज बदलतो," तो म्हणाला. त्याने पकड सैल केली, बोटे अंड्याखाली सरकवली, त्यांचा चमचा केला आणि अंडे जसेच्या तसे बाहेर आणले. मग दुसरे, तिसरे. दुपारपर्यंत घरटे रिकामे झाले आणि सगळी अंडी उंचावरच्या वाळूत सुखरूप पुरली गेली. रमीझने चिमटूला मिठी मारली. शुभदाताईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी उधाणाने ते दगड गिळले, तेव्हा तिथे बुडण्यासारखे काही उरलेच नव्हते.

काही आठवड्यांनी वाळू हलली. इवलीशी पिल्ले बालवाडीच्या मुलांसमोरून तुरुतुरु धावत समुद्रात शिरली.

त्याच आठवड्यात आजोबांना अंतराळ संशोधन संस्थेतून फोन आला. मंगळावर पाठवायच्या यंत्रमानवांना असेच नाजूक काम शिकवायचे होते. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी विचारले, "आमचे यंत्रमानव तुमच्या कोणत्या प्रयोगशाळेत आणायचे?"

"खारवलीच्या बालवाडीत," आजोबा म्हणाले. "सकाळी प्रार्थनेच्या आधी पोहोचा. आणि येताना रंग भरपूर आणा."