बेंबीवरचं माप

समोरच्या घड्याळवाल्याने आमच्या दुकानातलं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करून भिंतीवर टांगलं, हात पुसले आणि म्हणाला, "जरा माझी कंबर मोजता? बेंबीवरून."

मला तिथेच शंका आली. बेंबीवर कोण पँट घालतं? शिवणकामात माझी दहा वर्षं गेली आहेत. तरी मोजली. हातपाय नुसत्या काड्या, पोट मात्र जरासं पुढे. छत्तीस.

"कापड कधी आणताय?"

"बघू…" तो हसला. हसणं चांगलं होतं, हे कबूल करते.

पंधरा दिवसांनी परत हजर. परत नुसतं माप. साडेपस्तीस. मग पस्तीस. कापडाचा पत्ता नाही.

"माप इथे आणि शिलाई कोपऱ्यावरच्या टेलरकडे," काजं करता करता आमच्या दुकानातली मावशी म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय बाई."

मला राग आला. खरं तर राग कमी, वाईटच जास्त वाटलं, कारण पंधरवडा कधी संपतो याची मी वाट बघायला लागले होते. पुढच्या खेपेला टेप साडेचौतीसवर थांबली आणि मी थंडपणे म्हणाले, "सदतीस." शिवू दे कोपऱ्यावरच्याला ढगळ पँट.

त्याचा चेहरा उतरला. गेला तो महिनाभर फिरकलाच नाही. शेवटी मीच रस्ता ओलांडला.

"कापड कुठे शिवताय?" मी थेट विचारलं.

"कसलं कापड?" त्याने खणातून एक रिपोर्ट काढला. "वजन बेताचं, तरी माझं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. चरबी पोटाच्या आत साठते. डॉक्टर म्हणाले, वजनकाट्यावर जाऊ नका, कंबर बघा. माझे वडीलही असेच बारीक… साखर वाढलीय हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून मी रोज जेवून चालतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाच्या मेहनतीवर मी एका शब्दाने पाणी फिरवलं होतं. माफी मागणार, तेवढ्यात तोच म्हणाला,

"मला टाळायचंच होतं, तर तसं सांगायचं. अडीच इंच खोटं कशाला?"

"खोटं होतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

त्याचे कान लालबुंद झाले. मी उघड्या खणात पाहिलं — रिपोर्ट होता तिथेच खाली एक टेप होती, वापरून वापरून मऊ झालेली.

"तुम्ही घरी मोजता?"

"रोज सकाळी."

"मग माझ्याकडे कशाला यायचात?"

"इतका संशय घेता…" तो हळूच म्हणाला, "हा एक तेवढा आला नाही?"

गळ्यातली टेप काढून मी म्हणाले, "उभे राहा. बेंबीवरून."

"चौतीस," मी खरं सांगितलं. "पण पंधरा दिवस फार होतात. उद्यापासून रोज या. तुमच्या टेपवर माझा विश्वास नाही."